‘सोमवारपासून करतो’ म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

लालबागमध्ये आमच्या मंडळाची एक अभ्यासिका आहे. तळमजल्यावर दोन खोल्या, २२ खुर्च्या आणि एक पंखा, जो तीन नंबरच्या पुढे नेला की सगळ्यांच्या नोट्स उडवतो. संध्याकाळी ऑफिसवरून आलो की तिची चावी माझ्याकडे असते, ९ वर्षं झाली. एमपीएससीची पोरं, सीएवाले, नोकरी करून लॉ करणाऱ्या दोन ताई, रिटायर झाल्यावर संस्कृत शिकायला बसलेले एक काका, सगळे येतात, रजिस्टरमध्ये सही करतात आणि आता ते रजिस्टर बघून मी महिन्याभरात सांगू शकतो की कोण टिकणार आणि कोणाची खुर्ची दुसऱ्याला द्यायला लागणार. यात काही ज्योतिष नाहीये, चुका त्याच त्याच असतात हो. दरवर्षी नवीन चेहरे आणि जुन्या चुका. जिन्यात उभं राहून प्रत्येकाला सांगायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो. (पोरं आधी मला दादा म्हणायची, आताची बॅच डायरेक्ट काका म्हणते, त्यावरून ओळखा किती वर्षं सांगतोय ते.)

चूक पहिली: तयारीलाच काम समजणं

ही मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे जरा लांबण लावणार, घाई असेल त्यांनी खाली जावं.

आमचे आजोबा गिरणीत, शेजारचे आजोबा गिरणीत, अख्खी चाळच गिरणीवर जगलेली. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही, गिरण्याच एकेक करून संपल्या. २०२२ ला त्याला ४० वर्षं झाली तेव्हा डोक्यात आलं की आपल्या चाळीत जे म्हातारे-म्हाताऱ्या उरलेत त्यांना एकेकदा बसवून रेकॉर्ड करायचं आणि सगळं लिहून काढायचं. पैसे मिळायचे नव्हते, कोणी सांगितलं पण नव्हतं, मनापासून करावंसं वाटलं एवढंच. पाडव्याला वहीत नावं लिहिली, ११ झाली. पहिलं नाव तिसऱ्या माळ्यावरच्या आबांचं. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, ३० वर्षं काढलेली, संपात गेटवर उभे राहिलेले, आणि आठवण अशी की कुठल्या पाळीला कोण मुकादम होता ते सांगतील.

मग मी काय केलं? माइक शोधायला लागलो.

आधी कुठला माइक चांगला त्याचे व्हिडिओ, मग त्या व्हिडिओखालच्या भांडणांवरून दुसरे व्हिडिओ, मग लॅमिंग्टन रोडला तीन शनिवार, शेवटी सहा हजाराला एक घेतला. तो फोनला लागेना म्हणून वेगळी केबल. मग प्रश्नांची यादी, ती ८४ प्रश्नांवर गेली. मग सगळं एका ॲपमध्ये रंगीत रंगीत टेबल करून भरलं, कोण कुठल्या खात्यात, कुठली गिरणी, रेकॉर्डिंग झालं की हिरवी टिक. खरं सांगतो, त्या दोन-तीन महिन्यांत मला कधीही आळशी वाटलं नाही. रोज रात्री तासभर ‘प्रोजेक्टवर’ बसायचो. बायको म्हणाली पण, अरे वर जाऊन बोल की त्यांच्याशी, दोन जिने तर चढायचेत. मी म्हटलं, असं नसतं, पद्धतशीर करायला पाहिजे.

आबांनी मला जिन्यात तीनदा विचारलं. ‘काय रे, कधी बसायचं?’ आणि मी तिन्ही वेळेला काहीतरी तांत्रिक सांगितलं. केबल येतेय आबा. गणपती होऊ दे आबा. गणपती झाले, आबा गावाला गेले, आणि नोव्हेंबरमध्ये तिकडूनच फोन आला.

टेबलात त्यांच्या नावापुढचा चौकोन अजून पांढराच आहे. आणि यातली सगळ्यात वेड्यासारखी गोष्ट सांगू का? साचेखात्याच्या आवाजात आयुष्य गेलेला माणूस तो, साधं ‘चहा टाक’ म्हणाले तरी तळमजल्याला ऐकू यायचं. त्यांना माइक लागणारच नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी मी फोन खिशात घालून समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींकडे गेलो, त्या संपाच्या काळात खानावळ चालवायच्या. फोन टेबलावर उलटा ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, आजी, संपात उधारी किती चढली होती? ८४ पैकी हा एकही प्रश्न नव्हता. ३७ मिनिटं बोलल्या. मधे कुकरच्या चार शिट्ट्या आहेत, कावळा आहे, ‘अरे खा ना चिवडा’ आहे, आणि शब्द न् शब्द ऐकू येतो.

तर आता माझा नियम असा आहे, शास्त्र वगैरे काही नाही, नुसती सवय: कुठलंही नवीन काम आधी पाच वेळा हाताशी जे असेल त्यावर करायचं, मगच खरेदी. पाच वेळा धावा, मग शूज. पाच धडे जुन्या वहीत, मग ते दीड हजाराचं प्लॅनर. अभ्यासिकेत नवीन पोरगा आला आणि पहिल्या दिवशी टेबलावर सहा रंगांचे हायलायटर मांडायला लागला की माझ्या पोटात गोळाच येतो. एक आठवडाभर टाइमटेबलच करतात काही जण, मग त्या टाइमटेबलचा फोटो स्टेटसला, मग तीन दिवस अभ्यास आणि मग ‘टाइमटेबल रिवाइज करतोय दादा’.

चूक दुसरी: एक खाडा पडला म्हणून अख्खी पाळी सोडणं

हे माझं दुसरं दुखणं. रजिस्टरमध्ये एक पोरगा होता, सलग ४३ दिवस सही, एक दिवस सुटला नाही. मग चुलतभावाची हळद आली. गेला, नाचला, छान केलं. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवड्याने नाक्यावर भेटला तर म्हणतो, ‘काका, चेन तुटली ना, आता एक तारखेपासून फ्रेश सुरू करतो.’ एक तारखेला पण आला नाही. ४३ दिवसांचा अभ्यास डोक्यात होता की रे, तो काय हळदीत धुऊन निघाला?

याचं मूळ त्या २१ दिवसांच्या भानगडीत आहे असं मला वाटतं. २१ दिवसांत सवय लागते, हे जे तुम्हाला प्रत्येक रीलवाला सांगतो ना, ते बरंचसं मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनपासून आलंय. त्याने १९६० साली लिहिलं की पेशंटला आपल्या नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. कुठे नाकाचं ऑपरेशन आणि कुठे तुमचा राज्यघटनेचा अभ्यास, आणि त्यातलं ‘निदान’ पण लोकांनी वाटेत गाळलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि मंडळींनी ९६ लोकांना १२ आठवडे बघितलं, काहींनी जेवणाबरोबर पाणी प्यायचं ठरवलेलं, काहींनी जेवणाआधी धावायचं. अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण कोणाला १८ पुरले आणि कोणाचा हिशोब २५४ वर गेला. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला तर विशेष काही बिघडत नाही, हेही त्यातच आहे. हे कोणी रीलमध्ये सांगत नाही, कारण ‘काही बिघडत नाही’ यावर कोर्स विकता येत नाही.

मी काय करतो ते सांगतो, हे पण त्या आजींच्या रेकॉर्डिंगमधूनच सुचलं. गिरणीत कायम कामगाराचा खाडा पडला की त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राहायचा. काम त्याच्याइतकं सफाईदार व्हायचंच असं नाही, पण साचा बंद राहायचा नाही. तर मी माझ्या कामाला एक बदली ठेवलाय. रोजची पाळी म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून एक पान लिहून काढणं. ज्या दिवशी अंधेरीहून गाड्या लेट आहेत, डोकं दुखतंय, पोराचा प्रोजेक्ट आहे, त्या दिवशी बदली जातो, म्हणजे फक्त पाच मिनिटं ऐकायचं आणि तीन ओळी खरडायच्या. वाईट अक्षरात, उभ्या उभ्या चालेल. बदली काय करणार ते आधीच ठरलेलं पाहिजे हां, दमलेल्या माणसाला ठरवायला लावलं की तो झोपायचंच ठरवतो.

आणि बदलीचा पण खाडा पडला तर? पडला. दुसऱ्या दिवशी जा. सोमवारची, एक तारखेची, पाडव्याची वाट बघू नका. नवीन वर्षाला, नवीन महिन्याला हुरूप येतो हे खरंय, माझ्याकडे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात २२ खुर्च्यांवर ३० जण असतात. फेब्रुवारीत येऊन बघा, पंखा चारवर चालवतो, उडायला कागदच नसतात.

बाकीच्या फुटकळ, पण तितक्याच छळणाऱ्या

आता नंबर देत बसत नाही.

पहाटे पाचला उठणं. विरारची सव्वादहाची स्लो पकडून साडेअकराला घरी पोचणारा माणूस पाचला उठून ध्येय गाठणार नाही, तो डब्यात उभ्या उभ्या झोपणार. आधी झोप मोजा, मग गजर लावा.

मूड यायची वाट बघणं. मूड कामाला बसल्यावर दहा मिनिटांनी येतो, आधी येत नाही. कधीकधी येतच नाही, तरी पान लिहून होतं आणि नंतर वाचताना ते पान मूडमधलं की बिनमूडचं हे मला स्वतःला पण ओळखता येत नाही.

‘रोज करणार’ एवढंच ठरवणं. रोज कधी? पीटर गोल्विट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ १९९० च्या दशकापासून सांगतायत की नुसता निश्चय करू नका, अमुक झालं की लगेच तमुक असं बांधून टाका. माझं असं आहे: प्रभादेवीला उतरलो की घरी न जाता सरळ अभ्यासिका. घरी जाऊन, चहा पिऊन, मग येतो, असं केलं त्या प्रत्येक वेळेला सोफ्याने मला धरून ठेवलंय.

आधीच गावभर सांगणं. याच्यावर मी आधी लोकांशी वाद घालायचो, कारण सगळे म्हणतात की सांगितल्याने जबाबदारी येते. पण याच गोल्विट्झरांनी २००९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की आपल्याला कोण बनायचंय हा इरादा दुसऱ्याने ऐकून त्याची दखल घेतली की माणूस पुढे कमी झटतो, अर्धवट पोचल्यासारखं त्याला आधीच वाटायला लागतं. माझ्या रंगीत टेबलाचे फोटो मी तीन ग्रुपवर टाकलेले आणि ‘ग्रेट वर्क भावा’ आलं पण होतं. वर्क शून्य. एखाद्याला सांगा, जो पुढच्या आठवड्यात तोंडावर विचारेल. मला त्या खानावळवाल्या आजी विचारतात, आणि त्यांच्यापुढे ‘केबल येतेय’ चालत नाही.

तीन महिन्यांत होईल म्हणणं. नाही होणार. वांद्रे-वरळी सी लिंकचं भूमिपूजन १९९९ ला झालं, पाच वर्षांचं काम म्हणत होते, गाड्या गेल्या २००९ च्या जूनअखेर. काहनेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या रोगाला नाव दिलंय, प्लॅनिंग फॅलसी. नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्याच संध्याकाळी विचारतो, ‘किती दिवसांत होईल?’, जसं काही मी इथे चावीऐवजी निकाल सांभाळतो. माझा हिशोब: मनात आलेला आकडा दुप्पट करा आणि त्यातून गणपती वजा करा. लालबागला राहून भाद्रपदात ‘रोज चार तास’ लिहिणाऱ्याला मी सही करायला पेनसुद्धा देत नाही. त्या दहा दिवसांत दारातून बाहेर पडता येत नाही, अभ्यास कसला करताय. रीतसर सुट्टी लिहा, म्हणजे खाडा वाटत नाही.

मोटिव्हेशनल व्हिडिओ. अंगावर काटा येतो, मान्य. काटा येऊन तुम्ही काय केलं, तर पुढचा व्हिडिओ लावला.

एकदम चार ध्येयं. जिम, जर्मन, गिटार आणि यूपीएससी. एक ठेवा, बाकीच्यांना वहीच्या शेवटच्या पानावर राहू द्या, पळून जात नाहीत.

धडा न वाचता एआयकडून सारांश काढून घेणं. सारांश छान असतो, त्याचा धडा वाचून झालेला असतो. तुमचा नाही.

आणि एक, जे मला अजून धड जमत नाही: उठताना उद्याचं पहिलं काम लिहून ठेवायचं. ‘पुढचं लिहिणे’ असं लिहून उपयोग नाही, ‘आजींचं रेकॉर्डिंग, १२ व्या मिनिटापासून, रेशनच्या तांदळाचा भाग’ एवढं नेमकं. ज्या दिवशी हे केलंय त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन मिनिटांत सुरू होतो, आणि विसरलो तर अर्धा तास फाइली उघडझाक करत बसतो, जे बघून ती हायलायटरवाली पोरं गालात हसतात.

११ नावांपैकी ७ झाली आहेत आतापर्यंत, सगळी फोनवर. एका काकांना आता फारसं आठवत नाही, त्यांच्याकडे नुसता जाऊन बसतो. उरलेल्या दोघी याच महिन्यात, एकीला दुपारी तीन नंतरच वेळ असतो, सिरियलच्या आधी.

माइक आहे अजून कपाटात, केबल पण आहे. कोणाला खरंच लागत असेल तर अभ्यासिकेत येऊन घेऊन जा, संध्याकाळी साडेसातनंतर. पाच वेळा फोनवर रेकॉर्ड केलेलं आधी ऐकवायला लागेल.