मृगाआधी कुळागरातल्या प्रत्येक नोडची जागा टेपने मोजून लिहा

मृग तोंडावर आला आहे. गोव्यात सत्तरी, फोंडा, सांगे, काणकोणातल्या ज्या बागायतदारांनी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पानांवरची ओल मोजणारे सेन्सर (नोड) बसवले आहेत, त्यांनी बाकी कामे थांबवून आधी एक करावे: कुठला नोड कुठल्या पोफळीजवळ आहे ते वहीत लिहावे.

मोबाइलवर ‘नोड ७, पानओल जास्त’ असे येते. पण सात नंबर पाटाकडचा की वरच्या मेरेवरचा? ऐन पावसात कुणालाच सांगता येत नाही. साफसफाई करताना गड्याने तो उचलून भलतीकडे लावलेला असतो, वर रान माजलेले असते. मग फवारणी वरच्या कोरड्या भागात होते आणि खाली पाटालगत ओलीत पसरणाऱ्या कोळेरोगाने सुपारीचा सडा पडतो. हे नुकसान दर पावसाळ्यात पाहतो, आणि ते निव्वळ न लिहिल्यामुळे होते.

मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. मोकळ्या आभाळाखालीही तो चार-पाच मीटर चुकतो, दाट झावळांखाली त्याहून जास्त. पोफळींमधले अंतर साधारण २.७ मीटर, म्हणजे चूक दोन-तीन झाडांची. प्रत्येक नोडमध्ये जीपीएस घ्या म्हणणाऱ्या विक्रेत्याला खुशाल परत पाठवा. पैसे जातात आणि बॅटरीही लवकर उतरते.

विहीर, बांधाचे टोक अशा न हलणाऱ्या दोन खुणांपासून नोडचे अंतर मोजा. दोन्ही खुणा जोडणाऱ्या रेषेच्या कुठल्या अंगाला नोड आहे तेही लिहा, नाहीतर त्याच मापात दोन जागा बसतात. उतारावर टेप जमिनीला टेकवू नका, आडवी ताणा.

नोड पुष्कळ असतील तर काहींचीच जागा पक्की मोजा. हे झाले अँकर. बाकीच्यांची जागा सिग्नलच्या ताकदीवरून सॉफ्टवेअर काढते. अँकर किमान तीन हवेत, आणि एका रेषेत मुळीच नकोत. पाटाच्या काठाने ओळीत लावलेत, तर नोड पाटाच्या अलीकडे की पलीकडे हे कळणारच नाही.

ओली पाने सिग्नल खातात, २.४ गिगाहर्ट्झचा तर फारच. सिग्नलवरून अंतर काढायचे मे महिन्यात जुळवलेले गणित जुलैत नोड आहे त्याहून लांब दाखवते. पाऊस स्थिरावला की दोन अँकरमधल्या मोजलेल्या अंतराशी ते पुन्हा पडताळा. केळीच्या दाटीत सर्वात मोठी चूक होते असा माझा अंदाज आहे. तिथे टेपच बरी.

बाकीची कामे:
– बोर्डो मिश्रण १ टक्का: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर
– पहिली फवारणी पावसाआधी, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी
– पाट आणि चर मोकळे करणे
– गळलेली सुपारी वेचून नष्ट करणे
– नोडच्या बॅटऱ्या बदलणे

फवारणी पाटालगतच्या नोडांपासून सुरू करा. रोग आधी तिथेच दिसतो असा अनुभव आहे. नोडचा नंबर जवळच्या पोफळीवर रंगाने घाला, आणि नोड हलवला तर त्याच दिवशी वहीतले जुने माप खोडून नवे तारखेसकट लिहा.