मिशनच्या गावात बचत गट बांधताय? या चुका टाळा

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, धर्मग्रामाच्या (म्हणजे चर्चच्या पॅरिशच्या) समाजकार्यात माझी एकोणीस वर्षं गेली. दरवर्षी नवे कार्यकर्ते येतात, मोठ्या उमेदीने गट बांधतात आणि पहिली चूक तीच करतात: गटाची वही स्वतःच्या पिशवीत ठेवतात.

मीही ठेवली होती. बायकांना लिहिता येत नाही, मग मीच लिहिते, असं म्हणत दोन वर्षं लिहिली. मग टायफॉईड झाला आणि दोन महिने गावात जाणं झालं नाही. परतले तेव्हा बैठका बंद होत्या, आणि एका म्हाताऱ्या सभासद बाईने सगळ्यांसमोर विचारलं, "सिस्टर, आमना पैसा कोठे गयात?" तिने कमरेची कापडी थैली सोडली आणि तुरीचे दाणे ओट्यावर मोजले. भरलेल्या प्रत्येक हप्त्याला एक दाणा. दाणे निघाले चौदा, माझ्या वहीत तिचे हप्ते अकरा. तीन हप्ते मी त्याच नावाच्या दुसऱ्या बाईच्या खात्यावर चढवले होते. दाणे बरोबर होते, वही चुकली होती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. पेन गावातल्याच आठवी-नववीच्या मुलीच्या हातात. प्रत्येकीचं वेगळं पासबुक. पैसे बैठकीच्या मध्यभागी मोजायचे, रक्कम मोठ्याने वाचायची. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन घरांत. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात सांगितलंय की लहान समूहाला जे स्वतः जमतं ते वरच्याने हिसकावून घेणं अन्याय आहे. हिशोब त्यातच आला.

दुसरी चूक म्हणजे आधी अनुदान आणि मग बचत. मिशनकडून शेळ्या वाटल्या की त्या 'फादरच्या शेळ्या' होतात. मेली तरी फादरची, विकली तरी फादरची. स्वतःच्या दहा-दहा रुपयांतून घेतलेल्या शेळीला बाई रात्री उठून पाला घालते. फादर हॉफमन या जर्मन जेसुइट धर्मगुरूंनी १९०९ मध्ये रांचीकडे कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी केली. सावकाराच्या कचाट्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांची ती संस्था, भांडवलात सभासदांची स्वतःची बचत. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून १९१५ मध्ये फादरना देश सोडावा लागला, तरी संस्था चालत राहिली. नव्या कार्यकर्त्याला मी पहिल्याच दिवशी विचारते, उद्या तुझी बदली झाली तर तुझा गट चालेल का?

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते.

बाजाराच्या दिवशी बैठक ठेवू नका.

महिन्यात पंधरा गट बांधून अहवाल सजवू नका. बँकेच्या कर्जासाठी सहा महिने तरी गट नियमित चाललेला लागतो, म्हणून मागच्या तारखा टाकून ठराव लिहून घेणारे मी पाहिलेत. हा शॉर्टकट नाही, बायकांच्या नावावर केलेला खोटेपणा आहे.

मासिक बचत किती, हे सगळ्यात गरीब बाईला आधी बोलू द्या.

गट फक्त आपल्या ख्रिस्ती घरांचा करू नका. सावकार धर्म विचारून व्याज लावत नाही.

दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत जातं. त्या काळाचे हप्ते लावून मग 'थकबाकीदार' म्हणणं निर्दयपणा आहे. निघण्याआधी हिशोब मिटवा आणि पुढचा हप्ता अखजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर धरा.

एवढं करूनही हप्ता थकला तर पूर्ण गट घेऊन तिच्या दारात जाऊ नका, शेजारपाजार बघत असतो. संध्याकाळी दोघीच जा, चुलीपाशी बसा. बहुतेक वेळा पोर आजारी असतं किंवा नवऱ्याने पैसे दारूत घातलेले असतात. हप्ता निम्मा करा, मुद्दल तेवढंच ठेवा आणि पुढच्या बैठकीत ते तिच्याच तोंडून वहीत लिहून घ्या.