संत्र्याच्या बगीच्यात सेन्सरचं जाळं: वाट त्यांची त्यांना शोधू द्या

आंबिया बहारासाठी, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत झाडांना ताण द्यायचा, तर पाणी तोडल्यावर मुळाशी ओल किती उरली ते कळायला हवं. काटोल-वरूडकडचे जुने शेतकरी माती मुठीत दाबून सांगतात. ज्यांना ते जमतं त्यांना या खटाटोपाची गरज नाही. बाकीच्यांनी सहा ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेले छोटे संगणक-बोर्ड), तेवढेच कपॅसिटिव्ह ओल-सेन्सर, बॅटऱ्या आणि छोटे सोलर पॅनल आणावेत. बोर्डांचं जाळं आपोआप जोडणारी पेनलेसमेश ही लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्राम, फुकट मिळते.

आधी सगळं घरी टेबलावर. प्रत्येक बोर्डात जाळ्याचं नाव, पासवर्ड आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) तंतोतंत एकच टाका. कोणी कोणाला निरोप द्यायचा, हे कुठेच लिहायचं नाही. प्रत्येक डबा, म्हणजे डब्यातला बोर्ड, स्वतःचं वायफाय सुरू करतो, आजूबाजूचे आवाज ऐकतो आणि आपल्या जाळ्यात अजून न आलेल्यांपैकी ज्याचा सिग्नल सगळ्यात जोरदार, त्याला जाऊन चिकटतो. जो आधीच जाळ्यात आहे त्याच्याशी पुन्हा नातं जोडत नाही, म्हणून निरोप गोल गोल फिरत बसत नाहीत. पंपाच्या खोलीतला बोर्ड तेवढा मुख्य ठरवा.

सेन्सरची तार बोर्डाच्या ३२ ते ३९ पैकी एका पिनला लावा. मी ३४ वापरतो. पहिल्यांदा २५ ला लावली होती. वायफाय सुरू झालं की वाचन बंद! त्या पिनचं ॲनालॉग वाचन वायफायसोबत चालत नाही, हे कळायला दोन दिवस गेले. आणि कोरड्या मातीत आकडा मोठा, ओल्यात लहान येतो. सेन्सर बिघडला समजू नका.

आता वावरात. पानांतलं पाणी वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर पितं, म्हणून डबे झाडात न लपवता बांबूवर, शेंड्याच्या वर बांधा. पंपाच्या खोलीपासून सुरुवात करून एकेक चालू करत पुढे जा. दुसऱ्यांचे निरोप पुढे न्यायचे असल्याने या डब्यांना झोपून चालत नाही, सोलर त्यासाठीच.

खरी परीक्षा आता. मधला एक डबा मुद्दाम बंद करा. त्याच्यामागचे पोरके झालेले डबे पुन्हा शोध घेतात आणि दुसऱ्या वाटेने परत येतात. थोडा वेळ थांबा. नाहीच आले, तर डबे एका रांगेत लागलेत, शेजारी एकच. प्रत्येकाला किमान दोघं ऐकू येतील असे तिरपे सरकवा आणि पुन्हा बंद करून बघा.

काळ्या मातीचं एक सांगून ठेवतो. ताणात ती भेगाळते. भेग सेन्सरच्या पात्याला लागून गेली की तिथे हवा शिरते आणि आकडा एकाएकी चढतो. शेजारचे शांत असताना एकटाच असा उसळला, तर पंपाकडे धावू नका. पातं उपसा, वीतभर बाजूला रोवा, माती घट्ट दाबा.