रापीला नवी मूठ बसवताना

रापी म्हणजे चामडं कापायचं, तासायचं हत्यार. तिची जुनी मूठ फोडून काढा. पात्याचं शेपूट, म्हणजे मुठीत जाणारं टोक, ओढून उपटलं तर वाकतं. त्यावरचा गंज पॉलिश पेपरने घासा. मुठीला पूर्ण वाळलेली बाभूळ किंवा शिसव घ्या, ११ सेंमी पुरते. ओलं लाकूड पुढे आकसून चिरतं.

आधी भोक, मग घडण. शेपूट निमुळतं असतं, म्हणून बारीक ड्रिलने पूर्ण खोल, जाड ड्रिलने अर्ध्यापर्यंतच. शेपूट तापवून भोक जाळायचा जुना रिवाज चालतो, पण पात्याला ओलं फडकं गुंडाळा. पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं की धार टिकत नाही. तोंडाला पितळी कडं ठोका, नाहीतर मूठ उभी फाटते. अरल्डाइट या गोंदाचे दोन्ही भाग समसमान कालवून भोकात भरा, शेपूट बसवा, ओलं असतानाच पातं मुठीच्या रेषेत आहे का ते डोळ्यासमोर धरून पाहा. २४ तासांनी जवसाचं तेल चोळा.