सावलीतल्या वाफ्यासाठी नेचा

भिंतीच्या उत्तरेला किंवा दाट झाडाखाली गवतही धरत नसेल, तर तिथे नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया लावा. हा आपल्याकडचाच, बारमाही हिरवा नेचा (फर्न). जमिनीखालच्या धावत्या फुटव्यांवरच्या गोल गाठींत पाणी साठत असल्यामुळे पुण्याचा कोरडा एप्रिल-मेसुद्धा तो निभावतो. रोप नर्सरीतूनच घ्या, घाटातून उपटून आणू नका.

जून-जुलैत लावणी करा. नुसत्या काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून दोन भाग माती, दोन भाग कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग जाड वाळू घ्या. रोपांत एक ते दीड फूट अंतर ठेवा. पानं फुटतात तो गड्डा मातीच्या वरच राहायला हवा. गाडला गेला तर पावसात हमखास कुजतो. वर दोन इंच पालापाचोळा पसरा.

टोकं तपकिरी पडली तर हवा कोरडी आहे किंवा बोअरच्या पाण्यात क्षार जास्त आहेत. पानं पिवळी आणि माती चिखल झालेली असेल तर पाणी कमी करा. पानामागचे रांगेतले तपकिरी ठिपके म्हणजे कीड नव्हे, ते बीजाणूंचे पुंजके. कृपा करून त्यांवर औषध फवारू नका! धावत्या फुटव्यांनी तो भराभर पसरतो, तेव्हा वाफ्याला विटांची कड हवीच.