बायोस म्हणतं एक, बसवर दिसतं दुसरं: लॅपटॉपसाठी हॉटप्लग ड्रायव्हर लिहिताना

हॉटप्लग म्हणजे मशीन चालू असतानाच उपकरण जोडणं-काढणं. अशा वेळी लॅपटॉपचं फर्मवेअर, म्हणजे बायोस, ड्रायव्हरला (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामला) फक्त 'काहीतरी बदललं' एवढंच कळवतं. कार्ड आलं की गेलं, हे ड्रायव्हरने स्वतः बसवर (उपकरणं जोडणाऱ्या पीसीआय या मार्गावर) जाऊन बघायचं असतं. नुसत्या निरोपावर विसंबून काम उरकलं की भलतंच उपकरण निघतं, नाहीतर वायफाय गेलं ते रीबूट केल्याशिवाय परत येत नाही. हे सगळं नीट समजून घ्यायला लिनक्समधला ईईईपीसी-लॅपटॉप ड्रायव्हर हा फार चांगला नमुना आहे. खालची रीत त्याच्याच आधाराने दिली आहे.

आधी निदान

२००७ साली आलेल्या आसूसच्या ईईई पीसी ७०१ आणि त्यानंतरच्या बऱ्याच मॉडेलांवर वायफाय बंद केलं की नुसता रेडिओ बंद होत नाही, अख्खं कार्ड पीसीआय बसवरून नाहीसं होतं. समोरचं मशीन या जातीचं आहे का, हे पाहायला वायफाय चालू असताना एकदा आणि बंद करून एकदा 'एलएसपीसीआय -टीव्ही' ही बसवरच्या उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा चालवा आणि दोन्ही याद्या ताडून बघा. दुसऱ्या खिडकीत 'यूडेव्हएडीएम मॉनिटर' चालू ठेवलंत तर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) बदल कळला की नाही तेही दिसतं.

मग हॉटप्लगचा ताबा कोणाकडे आहे ते शोधा. 'डीमेसग'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, '_ओएससी' (हा ताबा मागण्याची विनंती) असलेल्या ओळी वाचा. पीसीआय एक्सप्रेस हॉटप्लगचा ताबा कर्नलला मिळाला असेल तर त्याची नोंद तिथे सापडते. ताबा मिळाला नसेल तर एसीपीआयच्या (फर्मवेअर आणि कर्नल यांच्या बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) वाटेने येणाऱ्या सूचनांवरच काम भागवावं लागतं.

त्यानंतर 'एसीपीआयडंप'ने टेबलं काढा, 'एसीपीआयएक्सट्रॅक्ट -ए'ने ती सुटी करा आणि 'आयएएसएल -डी'ने डीएसडीटी हे त्यातलं मुख्य टेबल वाचण्याजोगं करा. त्यात 'नोटिफाय' ही सूचना पाठवणारी आज्ञा शोधा आणि ती कोणत्या पोर्टला (बसच्या फाट्याला), कोणत्या आकड्याने जाते ते टिपून ठेवा. ० म्हणजे बस चेक, १ म्हणजे डिव्हाइस चेक, ३ म्हणजे इजेक्ट रिक्वेस्ट. नियमाप्रमाणे उपकरण काढायचं असेल तेव्हा ३ यायला हवा. ईईई पीसीच्या ड्रायव्हरला मात्र बस चेक हीच एक सूचना धरून चालावं लागतं, मग कार्ड येवो वा जावो. म्हणजे या आकड्यावरून दिशा कळतच नाही.

निर्णय कसा घ्यायचा

दोन स्वतंत्र साक्षी घ्या. पहिली बायोसची: एसीपीआय मेथडला (फर्मवेअरमधल्या छोट्या फंक्शनला) विचारा, वायफाय बंद आहे का? दुसरी बसची: त्या पोर्टखालच्या बसवर ० क्रमांकाच्या उपकरणाचा व्हेंडर आयडी ३२ बिटांत वाचा. तिथे कोणीच नसेल तर बत्तीसही बिट १ येतात, कारण उत्तर द्यायलाच कोणी नसतं.

बायोस 'चालू' म्हणतं आणि आयडी खरा येतो, तर कार्ड जोडा. बायोस 'बंद' म्हणतं आणि सगळे बिट १ येतात, तर कार्ड काढा. दोन्ही साक्षी जुळल्या नाहीत तर कशालाही हात लावू नका, इशारा छापा आणि बाहेर पडा. इशाऱ्यात दोन्ही उत्तरं लिहा: बायोस काय म्हणालं, बसवर काय दिसलं. तक्रार आली की तीच एक ओळ सगळ्यात कामाला येते.

ही खबरदारी का घ्यायची, ते १००५एचए या मॉडेलवरून कळतं. त्याला या हॉटप्लगची गरजच नव्हती, आणि तो कोड चालवला की वायफाय सोडून दुसरंच उपकरण निघाल्यासारखं दिसत होतं. ड्रायव्हर पी०पी५, पी०पी६ आणि पी०पी७ अशा तीन पोर्टांवर कान लावून बसतो. अमुक पोर्टाखाली वायफायच आहे, हे गृहीत धरण्याची चूक इथेच होते.

जोडण्याआधी 'पीसीआय_गेट_स्लॉट'ने उपकरण आधीच नोंदलेलं आहे का ते बघा, कारण एकाच बदलाच्या दोन सूचना येऊ शकतात. ते आधीच असेल तर या शोधात घेतलेला संदर्भ परत करून तिथेच थांबा. नसेल तर स्कॅन करा, मग मेमरी आणि इतर साधनं वाटून द्या, आणि शेवटी उपकरण बसला जोडा. हा क्रम मोडला तर कार्डाचा ड्रायव्हर पत्ते मिळण्याआधीच सुरू होतो आणि तिथेच बंद पडतो.

पोर्ट स्वतः झोपलेलं असेल तर त्याच्याखालचं सगळं 'नाही' असंच दिसतं. म्हणून आयडी वाचण्याआधी पोर्ट जागं करा आणि वाचून होईपर्यंत जागं ठेवा.

लॉक आणि रांग

आरएफकिलमधून (वायरलेस चालू-बंद करायच्या लिनक्समधल्या सोयीतून) वायफाय बंद केलं की ड्रायव्हर एसीपीआय मेथड बोलावतो. ती मेथड पुरी व्हायच्या आतच बायोस सूचना पाठवू शकतं. त्या सूचनेतच कार्ड काढायला घेतलं तर एकमेकांची वाट बघत दोन्ही बाजू अडकायचा धोका असतो. कार्ड जोडणं-काढणं एका धाग्याच्या वेगळ्या वर्कक्यूमध्ये (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाका. आधी स्वतःचं हॉटप्लग लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूप), मग पीसीआयचं रीस्कॅन-रिमूव्ह लॉक, हा क्रम सगळीकडे तोच ठेवा. आणि बायोसची स्थिती लॉक घेतल्यावर वाचा, आधी वाचलेली तोवर शिळी झालेली असू शकते.

स्लॉट नोंदवताना 'ईबिझी' (आधीच वापरात असल्याचा एरर) आलं तर दुसरा कोणी ड्रायव्हर तो स्लॉट सांभाळतोय. ती चूक मानून अख्खा ड्रायव्हर पाडू नका, फक्त आपलं हॉटप्लग सोडून द्या.

कार्ड आधीच गेलेलं असताना त्याच्या ड्रायव्हरला 'निघ' असं सांगितलं जातं, हेही लक्षात घ्या. तो रजिस्टर वाचतो आणि त्याला सगळे १ मिळतात. एखादा बिट ० होईपर्यंत थांबणारं लूप असेल तर ते कधीच संपणार नाही. अशा प्रत्येक लूपला वेळेची मर्यादा घाला.

झोपून उठल्यावर

लॅपटॉप झोपलेला असताना झालेल्या बदलाची सूचना येईलच असं नाही. म्हणून रिझ्यूममध्ये तिन्ही पोर्टांसाठी वरची तपासणी स्वतःहून चालवा. ईईई पीसीच्या बायोसमध्ये आणखी एक दोष आहे: झोपण्याआधीची '_पीटीएस' मेथड वायफायचा दिवा बंद करते, आणि हायबरनेट मध्येच रद्द झालं तर तो बंदच राहण्याची भीती असते. यावर उपाय सोपा आहे. वायफायची स्थिती वाचा आणि तीच किंमत परत लिहा.

अपवादांची यादी

ज्या मॉडेलांवर हा हॉटप्लग कोड चालवायचा नाही, त्यांची यादी ड्रायव्हरमध्ये ठेवा. मॉडेल ओळखायला सिसएफएसमधल्या (कर्नल दाखवत असलेल्या माहितीच्या फायलींमधल्या) डीएमआय, म्हणजे मशीनच्या ओळखीच्या, फोल्डरातलं 'प्रॉडक्ट_नेम' जसंच्या तसं उतरवून घ्या. 'डीएमआय_मॅच' हे मॉडेलच्या नावाचा नुसता एक तुकडा जुळला तरी होकार देतं. यादीत नुसतं '१००५' लिहिलंत तर १००५एचए आणि १००५पीई दोन्ही त्यात ओढली जातील. एकच मॉडेल हवं असेल तर 'डीएमआय_एक्झॅक्ट_मॅच' वापरा. सोबत मॉड्यूल पॅरामीटरही (ड्रायव्हर सुरू करताना देता येणारी सेटिंग) ठेवा. ईईईपीसी-लॅपटॉपमध्ये 'हॉटप्लग_डिसेबल्ड=१' आहे, त्यामुळे यादीत नसलेल्या मशीनच्या मालकाला नव्या कर्नलची वाट बघत बसावं लागत नाही.

मूळ पीसीआय एक्सप्रेस हॉटप्लगमध्येही, म्हणजे पीसीआयईएचपी ड्रायव्हरमध्ये, असेच दोष सांभाळावे लागतात. इंटेलच्या काही पोर्टांवर स्लॉट कंट्रोल रजिस्टरमधले वीज, दिवे किंवा इंटरलॉकचे बिट बदलले तरच 'कमांड कम्प्लिटेड' (कमांड पुरी झाली) हा निरोप येतो. दर वेळी लिहून झाल्यावर त्याची वाट बघितली तर १ सेकंद फुकट जातो. म्हणून पुढची कमांड लिहिण्याआधी मागची संपली का ते बघा.

चाचणी

'आरएफकिल ब्लॉक वायफाय' आणि 'अनब्लॉक' निदान ५० वेळा आलटून पालटून चालवा, सुरुवातीला मध्ये २ सेकंद थांबून आणि नंतर न थांबता. वायफाय बंद ठेवून बूट करा आणि मग चालू करा. बंद ठेवून झोपवा, उठवा, चालू करा. उलट क्रमानेही करून बघा. प्रत्येक फेरीनंतर 'एलएसपीसीआय'ची यादी पहिल्या यादीशी ताडा, आणि वायफाय सोडून एकही ओळ बदलली असेल तर ते मॉडेल अपवादांच्या यादीत टाका.