लाल बावट्यातून महापौराच्या खुर्चीपर्यंत: कॉ. मिरजकरांसारख्या माणसाचं आयुष्य कसं शोधायचं आणि कसं लिहायचं

मुंबईच्या महापौरांची यादी काढून बघा, १९५८ समोर एक नाव दिसेल, एस. एस. मिरजकर. पूर्ण नाव शांताराम सावळाराम मिरजकर. हा कम्युनिस्ट माणूस इंग्रज सरकारनं चालवलेल्या मीरत (आजचं मेरठ) कटाच्या खटल्यातला आरोपी होता, गिरणी कामगारांच्या चळवळीत वाढलेला, आणि तोच पुढं या शहराचा पहिला नागरिक झाला, तरी आज लालबाग-परळमधल्या तरुण पोरांना विचारलं तर दहातल्या नऊ जणांना नाव माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझे आजोबा गिरणीत होते, त्यामुळे हे नाव मी लहानपणापासून घरात ऐकत आलोय. प्रोजेक्टसाठी, विकिपीडियासाठी किंवा नुसतं आपल्या वस्तीचा इतिहास म्हणून कुणाला यांच्यावर लिहायचं असेल तर सुरुवात कुठून करायची ते सांगतो. दुसऱ्या कुठल्या कामगार पुढाऱ्यावर लिहिणार असाल तरी पद्धत हीच चालेल.

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि पानावर मधे उभी रेघ मारा. डावीकडे लिहा "त्या वर्षी हा माणूस काय थांबवू शकत होता" आणि उजवीकडे "त्या वर्षी हा माणूस कशाचा हुकूम देऊ शकत होता". जन्म-शिक्षण-पदं-मृत्यू असा बायोडेटा कुणीही लिहितं, पण युनियनमधून आलेल्या माणसाचं आयुष्य त्यात सापडत नाही, कारण युनियनची ताकद थांबवण्यात असते आणि खुर्चीची ताकद हुकमात असते, आणि एकातून दुसरीकडे जाताना माणसाच्या हातातून काय गेलं आणि हातात काय आलं तीच खरी गोष्ट आहे.

आता डावी बाजू भरायला घ्या, १९२७ पासून. त्या वर्षी मुंबईत कामकरी-शेतकरी पक्ष निघाला, धुंडिराज ठेंगडी अध्यक्ष आणि मिरजकर सरचिटणीस, सोबत जोगळेकर, घाटे, निंबकर ही मंडळी, आणि "क्रांती" नावाचं मराठी साप्ताहिक. मग १९२८ चा मोठा संप. इथं घाई करू नका, आठ दिवस इथंच थांबलात तरी चालेल. मालकांना विणकराकडून दोनऐवजी तीन साचे (माग) चालवून घ्यायचे होते, म्हणजे कामावर माणसं कमी, आणि त्यावरून दीड लाखाच्या आसपास कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सहा महिने बाहेर राहिले, त्याच दिवसांत लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन उभी राहिली. सहा महिने पगार नाही, चाळीत भाडं थकलेलं, कितीतरी जण बायकापोरं घेऊन कोकणात आणि घाटावर गावी गेलेले, आणि तरी संप टिकला! हे नीट समजलं नाही तर पुढचा महापौर समजणारच नाही. वहीत डावीकडे लिहा, सगळ्यांनी मिळून मुंबईच्या गिरण्या थांबवल्या. उजवीकडे रिकामं सोडा.

त्यानंतर २० मार्च १९२९. त्या दिवशी देशभर एकाच वेळी धरपकड झाली आणि मुंबई-कलकत्त्याच्या माणसांना खटल्यासाठी मीरतला नेलं. मीरतलाच का, हा प्रश्न लिहिणाऱ्यानं विचारायलाच पाहिजे. मुंबईत किंवा कलकत्त्यात खटला चालवला असता तर ज्युरी (निकालात भाग घेणारी सामान्य नागरिकांची मंडळी) द्यावी लागली असती, मीरतला ती द्यावी लागत नव्हती. आरोप काय तर सम्राटाचं हिंदुस्थानवरचं सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट. खटला जवळजवळ चार वर्षं चालला, १९३३ च्या जानेवारीत जबर शिक्षा झाल्या आणि त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टानं त्या खूप कमी केल्या.

या टप्प्यावर फोटो वाचायला शिका. मीरत जेलबाहेर काढलेला पंचवीस आरोपींचा एक फोटो नेटवर सहज मिळतो. पुढच्या रांगेत निंबकर आणि कम्युनिस्ट पुढारी डांगे यांच्या मधे मिरजकर आहेत. मागच्या रांगेत ब्रॅडली, स्प्रॅट आणि हचिन्सन असे तीन इंग्रज आहेत, हे बघून मला पहिल्यांदा थांबायला झालं होतं, कारण तोपर्यंत हा खटला म्हणजे फक्त आपले विरुद्ध गोरे असंच डोक्यात होतं. फोटोतल्या प्रत्येकाचं नाव वहीत उतरवा आणि प्रत्येकाचं पुढं काय झालं ते एकेका ओळीत शोधा, मिरजकरांच्या आयुष्यातली निम्मी माणसं तिथंच भेटतात.

कागद कुठं मिळतील. सरकारनं पुरावा म्हणून यांची पत्रं, हँडबिलं, मीटिंगच्या नोंदी सगळं जप्त करून कोर्टात मांडलं, त्यामुळे ज्या चळवळीचे कागद एरवी चाळीच्या माळ्यावर वाळवीनं खाल्ले असते ते खटल्याच्या दप्तरात टिकले. राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" पोर्टल आहे, तिथं गृह खात्याच्या राजकीय फाइली घरबसल्या शोधता येतात. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेनं टाकून बघा, जुन्या कारकुनांनी मराठी आडनावं वाट्टेल तशी लिहिलीत. मुंबईत असाल तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि प्रभादेवीचं कम्युनिस्ट पक्षाचं भूपेश गुप्ता भवन इथं चौकशी करा. ओळखपत्र, पेन्सिल आणि डबा सोबत ठेवा, फाइल यायला वेळ लागतो. पोलिसांच्या रिपोर्टातलं वाक्य मात्र तसंच्या तसं खरं धरू नका, तो माणूस साहेबाला खूश करायला लिहीत होता, पण तारीख, जागा आणि सभेला कोण होतं एवढं त्यातून चांगलं मिळतं.

मधली वर्षं मी पटकन सांगतो, तुम्हीही पटकन घ्या. स्वातंत्र्य आलं, १९४८ मधे मुंबई महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा सगळ्या प्रौढांच्या मतदानानं झाली, म्हणजे ज्याच्याकडे घर-मालमत्ता नाही त्या गिरणी कामगारालाही मत मिळालं. ही गोष्ट ठळक करा, तिच्याशिवाय गिरणगावाचं माणूस खुर्चीवर बसणं शक्यच नव्हतं.

पुढं संयुक्त महाराष्ट्र. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार, १९५६ च्या फेब्रुवारीत पुण्यात समितीची स्थापना, १ नोव्हेंबरला मराठी-गुजराती मिळून द्विभाषिक राज्य आणि त्याच महिन्यात अत्र्यांचं दैनिक "मराठा" सुरू. १९५७ च्या निवडणुकीत डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले आणि महापालिकेतही समितीचं बळ आलं. मिरजकर १९५७ मधे आयटकचे अध्यक्ष झाले आणि १९५८ मधे महापौर. देशातल्या एका मोठ्या कामगार संघटनेचा अध्यक्ष आणि मुंबईचा महापौर, दोन्ही एकच माणूस! माझ्या मते तुमच्या लेखाचा कणा हाच असायला पाहिजे.

आता वहीची उजवी बाजू, आणि इथंच बहुतेक लेख चुकतात. महापौर झाले म्हणजे शहर चालवायला लागले असं लिहून टाकतात. तसं नाही. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताकडे आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. त्या काळी महापौराला नगरसेवक निवडायचे, तेही फक्त एका वर्षासाठी, सभा चालवणं आणि शहराच्या वतीनं उभं राहणं हे त्यांचं काम. वर राज्यात सरकार काँग्रेसचं, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. म्हणजे १९२८ मधे ज्या चळवळीनं मालकांच्या गिरण्या सहा महिने बंद ठेवल्या तिचा माणूस तीस वर्षांनी शहराच्या सगळ्यात मानाच्या खुर्चीवर बसला आणि तिथून तो आयुक्ताला सरळ हुकूम देऊ शकत नव्हता. उजव्या बाजूला फार काही लिहिण्यासारखं येणार नाही, आणि ते तसंच ठेवा, ओढूनताणून रस्ते-पूल-दवाखाने त्यांच्या नावावर चढवू नका.

मग त्या वर्षाबद्दल लिहायचं काय? सभागृहात काय बोललं गेलं ते लिहा. महापालिकेच्या सभांची इतिवृत्तं चिटणीस खात्याकडे असतात, त्यात सीमाप्रश्न, पाणी, झोपड्या, सफाई कामगारांचे पगार यावर कोण काय म्हणालं ते शोधा आणि अध्यक्षस्थानावरून महापौरांनी कुणाला बोलू दिलं, कुठला ठराव दाखल करून घेतला, हे बारकाईनं बघा. खुर्चीची खरी ताकद तिथं असते. त्याच आठवड्याचा "मराठा" आणि त्याच आठवड्याचा टाइम्स शेजारी-शेजारी ठेवून वाचा, एक समितीचा आवाज आणि दुसरा नाही, दोघांत जे सारखं छापलंय ते बरंचसं भरवशाचं.

दोन सावधगिऱ्या. एक, कुठंही "कामगार चळवळीतून आलेले पहिले महापौर" असा "पहिले" हा शब्द वापरायच्या आधी यादी स्वतः तपासा, जमनादास मेहता महापौर झाले ते तीसच्या दशकात आणि त्यांचंही रेल्वे कामगारांच्या संघटनेत काम होतं. दोन, मिरजकरांना शिवाजी पार्कच्या महापौर बंगल्यात राहायला पाठवू नका, तो बंगला महापौर निवास झाला तो साठच्या दशकात.

शेवटी माणसं. १९५८ ला जी पोरं दहा वर्षांची होती ती आज पंचाहत्तरीच्या पुढं आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. डिलाइल रोड, लालबाग, शिवडी, नायगाव इथल्या चाळींत जा, आजी, काका म्हणून आधी नीट बसा, चहा घ्या. "मिरजकर कसे होते" असं एकदम विचारलं तर भाषण ऐकायला मिळतं. त्याऐवजी विचारा घरात झेंडा कुठला होता, गेट मीटिंगला कोण जायचं, संपात किराणा उधार कोण द्यायचं, मोर्चाला आई गेली होती का. माझ्या आजीला मी असंच विचारलं तेव्हा तिनं पुढाऱ्यांची नावं नंतर सांगितली, आधी संपात कुणी किती पायली तांदूळ दिले ते सांगितलं, आणि ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. मोबाइलवर रेकॉर्ड करताना आधी परवानगी घ्या, आणि १९२८ चा संप, १९८२ चा संप अशी सरमिसळ आठवणीत होते तेव्हा मधेच दुरुस्त करू नका, घरी येऊन तारखा लावा.

लेख लिहून झाला की लगेच टाकू नका. मोठ्या अक्षरात एक प्रिंट काढा आणि ज्या काकांनी सांगितलं त्यांच्याकडे नेऊन द्या, चष्मा लावून वाचतील, एक-दोन ठिकाणी बोट ठेवून हे असं नव्हतं म्हणतील, ते वहीत टिपा, कागदाशी पडताळा आणि मगच लेख पुढं पाठवा.